तिसरा पट्टा

माझी मुलगी कौमुदी एका रंगाच्या प्रेमात पडली आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरात भिंतीवरून चर्चासत्र सुरू झालं. माणसाच्या प्रेमात पडली असती, तर निदान त्याच्या आईबापांना चहाला बोलावता आलं असतं. हा रंग परदेशातला, त्याच्या घरच्यांना कुठं शोधणार?

रंग निळा होता. निदान तिच्या मते. तिनं मोबाइलवर दाखवला तेव्हा मी म्हटलं, "हा तर विटलेला आहे."

"आई, इसको म्यूटेड बोलते हैं," ती म्हणाली. आमची पोरगी मराठी सगळं समजते, पण उत्तर हिंदीत देते. रायपुरात वाढलेल्या आमच्या मराठी लोकांच्या पोरांचं हे असंच आहे, आणि मी त्यावर डोकं फोडून घेणं कधीच सोडलं आहे.

कौमुदी नव्या रायपुरातल्या एका ऑफिसात नोकरी करते. आठवड्यातले काही दिवस घरूनच काम असतं. ती लॅपटॉपसमोर बसली की तिच्या मागं आमच्या बैठकीची पोपटी भिंत दिसते, आणि ती भिंत ऑफिसातल्या लोकांना दिसते याची तिला लाज वाटायची. म्हणून तिनं त्या परदेशी रंगाची नमुन्याची डबी दिल्लीहून मागवली आणि एका पुठ्ठ्यावर दोन हात मारून वाळवला. पुठ्ठा हातात घेतल्यावर मात्र मलाही कबूल करावं लागलं. निळ्यात थोडी राख मिसळलेली, आणि त्यात कुठंतरी किंचित जांभळी झाक. बघत बसावं असा शांत रंग होता. फक्त त्या एका भिंतीच्या खर्चात आमचं अख्खं घर दारं-खिडक्यांसकट रंगवून झालं असतं.

तेव्हा ठरलं की तसाच रंग, पण आपल्या ऐपतीतला, शोधायचा. आणि आमचे हे लगेच म्हणाले, "रंगाचं माझ्यावर सोडा. ज्या माणसानं जिंदगीभर दुरून लाल-पिवळा ओळखला, त्याले तुम्ही निळा शिकवता काय?"

कौमुदीला आनंद झाला. मला नाही.

हे म्हणजे माझे यजमान, शेखर. रेल्वेत मालगाडीचे ड्रायव्हर होते. आता त्या नोकरीला भारदस्त नाव आहे, पण आमच्या गुढियारी मोहल्ल्यात सगळे ड्रायव्हरसाहेबच म्हणतात. रिटायर होऊन काही वर्षं झाली तरी यांचा एक अभिमान काही उतरलेला नाही, तो म्हणजे डोळ्यांचा. इंजिनावर दोघं असतात, ड्रायव्हर आणि त्याचा असिस्टंट. सिग्नल दिसला की एकानं हात पुढे करून मोठ्यानं सांगायचं, दुसऱ्यानं तेच परत म्हणायचं. याला हे 'पुकारणं' म्हणतात. दोघांचं जुळलं तर गाडी पुढे. नाही जुळलं तर आधी थांबायचं, मग भांडायचं. कौमुदी लहान असताना स्कूटरवर पुढे उभी राहून चौकातले सिग्नल पुकारायची. "लाल," ती ओरडायची. "लाल," हे मागून म्हणायचे. लोक वळून बघायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

रेल्वेत दर काही वर्षांनी डोळे तपासतात. जो नापास झाला, त्याला गाडीवरून उतरवतात आणि ऑफिसात कुठंतरी खुर्ची देतात. अशा माणसाबद्दल आमच्या घरी तो वारल्यासारखं बोललं जायचं. रंग ओळखायला ठिपक्यांचं एक पुस्तक असतं, ठिपक्यांत लपलेला आकडा वाचून दाखवायचा. काही जण ती पानंच पाठ करून जायचे. पहिल्यावर बारा, दुसऱ्यावर आठ. हे अशांच्या नावानं नुसते पेटायचे. "मागं अख्खी मालगाडी घेऊन चालणारा माणूस पुस्तक पाठ करून पास होते," हे म्हणायचे. "शरम नाही साल्यांले."

यांनी कधी पाठ केलं नाही. कधी गरज पडली नाही.

पण गेल्या हिवाळ्यापासून काहीतरी बिघडलं होतं. चहा बशीबाहेर सांडायला लागला. पेपर ओट्यावर उन्हात नेऊन वाचायचे आणि म्हणायचे, आजकाल शाई फिकी वापरतात. संध्याकाळी स्कूटरवर समोरून दिवे आले की गाडी कडेला घेऊन समोरच्याला शिव्या घालायचे. मी एकदा डॉक्टरचं नाव काढलं, तर ताटावरून उठले. "माझ्या डोळ्याले काही झालं नाही. तू तुझे गुडघे पाह."

आता सांगते, मला भिंतीचं काहीच पडलेलं नव्हतं. मला स्कूटरची भीती होती. गुढियारीत मालधक्क्याकडून येणारे ट्रक, हमालांचे ठेले, गाई, शाळा सुटल्यावर रस्ताभर पांगलेली लेकरं, आणि या सगळ्यातून रोज हे स्कूटर घेऊन जाणार. एक दिवस कोणाचं तरी लेकरू यांच्या चाकाखाली येईल, ही भीती माझ्या जेवणात होती, पूजेत होती, सगळीकडे होती. म्हणून मी कोथिंबीर आणायलाही यांच्या मागं बसून जायला लागले. आणि मागं बसून तोंड बंद ठेवायचं नाही. अहो, डावीकडून ठेला. अहो, समोर गाय. अहो, ती पोट्टी रस्ता ओलांडून राहिली.

हे वैतागायचे. "गाडीवर बसली का तुझं तोंड सुरू. चूप बस ना जराशी."

तर असे आम्ही दोघं पुठ्ठा घेऊन भार्गवच्या रंगाच्या दुकानात निघालो. मालधक्क्याच्या वळणावर पोती लादलेला एक ठेला रस्त्यात आडवा उभा होता. पोती मातकट, रस्ता मातकट, ठेलाही मातकट. मी "ठेला, ठेला" म्हटलं तरी यांनी ब्रेक फार उशिरा दाबला. पुढचं चाक पोत्याला टेकलं. हमाल काहीतरी बोलला, तर हेच त्याच्यावर चढले, "रास्ते में खड़ा करता है?" दुकानासमोर स्कूटर यांनी तिसऱ्या झटक्यात स्टँडवर लावली. मी पाहिलं आणि पदर नीट करत बसले.

भार्गव जुना ओळखीचा. त्याच्याकडे रंग मिसळायचं मशीन आहे. कौमुदीनं त्याच्या मोबाइलवर आधीच फोटो पाठवून ठेवला होता, त्यावरून त्यानं एक नमुना काढला. "भाभीजी, फोटो से निकालोगे तो फोटो जैसा ही आएगा," तो आधीच म्हणाला होता, आणि तसंच झालं. मोबाइलच्या काचेवर जो शांत दिसत होता, तो डबीत हिरवट निघाला. मग त्यानं दुसऱ्या एका कंपनीचा तयार डबा दाखवला, तो चुलीतल्या राखेसारखा. शेवटी त्यानं पट्ट्यांचं जाड पुस्तक काढलं, पंख्यासारखं पसरलं, आमचा पुठ्ठा मध्ये धरला आणि एका पट्टीवर बोट ठेवलं.

"ये सबसे नज़दीक है. महँगे डब्बे का शेड है, पर मैं सस्ते बेस में निकाल दूँगा. रगड़ के धोओगे तो कम टिकेगा, दिखने में वही."

हे वाकले. पट्टीकडे पाहिलं, भार्गवच्या बोटाकडे पाहिलं. "हाँ, यही. एकदम," म्हणाले.

मला तो रंग खरंच जवळचा वाटला. जांभळी झाक जराशी कमी, पण भिंतीजवळ पुठ्ठा धरून कोण उभं राहणार आहे? तिन्ही रंगांचे छोटे डबे घेऊन आम्ही परतलो. येताना मी दुप्पट बोलले.

रंगारी नत्थू आमच्याच पाऱ्यातला, म्हणजे मोहल्ल्यातला. त्याला हे नखरे पसंत नव्हते. पांढऱ्या रंगात निळ्या ट्यूबचे चार थेंब टाकले की झाला निळा, असं त्याचं मत होतं, आणि ते सिद्ध करायला त्यानं स्वतःचाही एक डबा बनवून आणला. तो रंग छतावरच्या प्लास्टिकच्या ड्रमसारखा होता. मी म्हटलं, असू दे बापा, तुझाही लाव.

त्यानं भिंतीवर डावीकडून उजवीकडे चार पट्टे मारले. आधी फोटोवाला, मग स्वतःचा, मग भार्गवनं बोट ठेवलेला, शेवटी राखेचा. हे मागं हात बांधून उभे. प्रत्येक पट्ट्याला विचारत होते, "ये कौन सा?" मला वाटलं, किती मन लावून काम करताहेत. दुपारी रंग वाळले. नत्थू डबा खात होता, हे पेपर घेऊन बसले होते, आणि मी नत्थूला म्हणाले, "पहला हरा मार रहा है. तेरा वाला बहुत भड़क है. और चौथा तो राख."

संध्याकाळी कौमुदी घरी आली. तिनं पुठ्ठा भिंतीवरच्या खिळ्याला लटकवला आणि म्हणाली, "बाबा, बताओ."

"तिसरा," हे म्हणाले. पापणी लवायच्या आत. "पहिला हिरवट मारते, दुसरा भडक आहे, चौथा राखेसारखा. तिसरा."

"बाबा, आपकी आँख तो कमाल है."

यांनी नुसता मिशीला हात लावला. आणि मी? मला इतकं हलकं वाटलं की मी आत जाऊन शिरा केला. म्हटलं, आपणच उगीच घाबरट. बशीबाहेर चहा माझाही सांडतो. डोळ्यांत दोष असता तर चार निळ्यांतला नेमका कसा ओळखला असता? त्या रात्री मी शांत झोपले, आणि दुसऱ्या दिवशी हे पोस्टात निघाले तेव्हा मी मागं बसले नाही.

मध्ये एक भानगड झाली. नत्थूनं भिंत घासायला घेतली आणि डाव्या बाजूचे पोपडे हातात आले. त्या भिंतीमागं न्हाणीघर आहे आणि पावसाळाभर ओल मुरली होती. त्यानं तो भाग खरवडून पुट्टी भरली, त्यात चारही पट्टे गेले. रंग लावण्याआधी कौमुदीला ते एकदा सकाळच्या उजेडात बघायचे होते, म्हणून नत्थूनं संध्याकाळी भिंतीच्या उजव्या भागावर नवे पट्टे मारले. त्याचं स्टूल त्या टोकाला होतं, म्हणून त्यानं उजवीकडून सुरुवात केली. हे तेव्हा बँकेतून पेन्शनचं काही काम करून यायचे होते. नत्थू जाताना म्हणाला, "भौजी, इस बार उल्टा लगा दिया हूँ, देख लेना." मी बरं म्हटलं आणि विसरले. रंग तर तेच चार होते.

सकाळी नत्थू ब्रश घेऊन हजर. कौमुदी ऑफिसच्या तयारीत, एक कानातलं घातलेलं, एक हातात. हे चहाचा कप घेऊन बैठकीत आले.

"बाबूजी, बोलो, कौन सा डब्बा खोलूँ?"

"एक बार बताया ना. तीसरा."

तिसरा म्हणजे आता नत्थूचा स्वतःचा होता. छतावरच्या ड्रमचा निळा. त्याच्या शेजारीच खिळ्याला पुठ्ठा लटकत होता, आणि दोन्ही रंगांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

कौमुदीला वाटलं, बाबा थट्टा करताहेत. ती हसली. "बाबा, ठीक से देखो ना."

हे चहाचा घोट घेऊन भिंतीकडे बघत म्हणाले, "पहिला हिरवट मारते. दुसरा भडक आहे. चौथा राखेसारखा. मंग राहिला कोणता?"

पहिला आता राखेचा होता. दुसरा तो होता, जो आम्हाला हवा होता. हिरवट होता तो चौथा. यांनी भिंत वाचलीच नव्हती. यांनी ती पाठ केली होती. पहिल्यावर बारा, दुसऱ्यावर आठ.

कौमुदीनं तोंड उघडलं, तेवढ्यात मी तिचं मनगट धरलं. नत्थूला तर गंगेत घोडं न्हाल्यासारखं झालं होतं. आपला रंग पास झाला म्हणून तो "हव, बाबूजी" म्हणत डब्यावर वाकला आणि झाकणात स्क्रू-ड्रायव्हर घातला.

"नत्थू, रुक," मी म्हटलं. "पहले चाय पी ले. बाहर, आँगन में."

स्वयंपाकघरात कौमुदी माझ्या अगदी जवळ येऊन उभी राहिली. ती कुजबुजली. "आई, बाबा को दिख नहीं रहा क्या?"

"तू ऑफिसले जा. बस चुकेल."

"मैं बोलूँ उनको?"

"नाही. तू नको." पोरीसमोर यांना उतरवलं असतं, तर मला यांना कधीच डॉक्टरच्या दारापर्यंत नेता आलं नसतं. तिलाही ते कळलं असावं. दुसरं कानातलं हातात घेऊनच ती गेली.

चहाला उकळी येईपर्यंत माझ्या मनात एक लबाड विचार येऊन गेला. लावू दे नत्थूला त्याचा निळा. कौमुदीला समजावता येईल, भिंतीवर पडदा लावता येईल, यांचा शब्द राहील. भिंत कितीही भडक असली तरी ती कोणाला मारत नाही. पण तो शब्द राहिला असता, तर स्कूटरही राहिली असती. आणि परवा पोस्टात हे एकटे गेले होते, मी शिरा खाऊन घरी बसले होते. तो दिवस आठवला आणि मी गॅस बंद केला.

मी नत्थूला चहा दिला, बैठकीत आले आणि मधलं दार लोटलं. हे दिवाणावर बसले होते.

मी भिंतीसमोर उभी राहिले. मी जन्मात कधी इंजिनावर चढलेली नाही. पण एवढ्या वर्षांत पाहून पाहून जे येतं, तसा मी उजवा हात पुढे केला. "पहिला पट्टा," मी म्हटलं. "राखेचा."

हे माझ्याकडे बघायला लागले. "काय करून राहिली तू?"

"पुकारून राहिली. तुम्ही परत म्हणा."

हे हसले. मी हसले नाही. मग यांचंही हसणं थांबलं.

"दुसरा पट्टा," मी म्हटलं. "पुठ्ठ्यासारखा."

यांनी कप खाली ठेवला. कप दिवाणाच्या कडेला अर्धा बाहेर राहिला होता, तो मी सरकवला नाही.

"तिसरा पट्टा. भडक निळा. म्हणा."

"तिसरा," हे म्हणाले, आणि थांबले. बाहेर नत्थू चहा फुर्र करून पीत होता, तेवढाच आवाज. "तिसरा, फिका."

"जुळलं नाही," मी म्हटलं.

हे उठले. भिंतीपाशी गेले, नाक टेकेल इतके जवळ. तिसऱ्या पट्ट्यावरून बोट फिरवलं, मग दुसऱ्यावरून. बोटाला काय कळणार होतं? तरी ते बराच वेळ फिरवत राहिले.

"नत्थ्यानं जागा बदलली," हे म्हणाले.

"हो."

"मले कोणी सांगितलं नाही."

"नाही."

हे तसेच भिंतीकडे तोंड करून उभे होते. मला यांचा चेहरा दिसत नव्हता आणि तेच बरं होतं. मी विचारलं, "जुळलं नाही तर काय करायचं असते?"

हे म्हणाले, "थांबवायची."

मग यांनी सदऱ्याच्या खिशातून स्कूटरची किल्ली काढली आणि मागं न वळताच हात माझ्याकडे केला. मी किल्ली घेतली. इतके महिने मी याच क्षणासाठी देवाला हात जोडत होते. वाटलं होतं, हायसं वाटेल. तसं काही वाटलं नाही. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

"पाठ केलं मी, इंदू," हे म्हणाले. "त्या साल्यांसारखं."

अंगणातून नत्थूची हाक आली, "भौजी, तीसरा खोल दूँ?"

"नहीं," मी ओरडले. "काम बंद. दिवाली के बाद."

दिवाळी तशीच गेली. अर्धी भिंत पुट्टीनं पांढरी, अर्धी पोपटी, त्यावर चार निळे पट्टे. फराळाला आलेल्या शेजारीण अंजनाबाईंनी बराच वेळ बघून विचारलं, "ही नवीन फॅशन आहे काय?" मी हो म्हटलं. कौमुदी त्याच भिंतीसमोर बसून मीटिंगा करत होती. तिच्या ऑफिसातल्या कोणीतरी म्हणे त्या पट्ट्यांची तारीफ केली. मी सांगते, जगाचं काही खरं नाही.

डोळ्यांचा डॉक्टर शंकर नगर भागात होता. आम्ही ऑटोनं गेलो. त्यानं यांच्या डोळ्यांत बत्ती मारली आणि म्हणाला, दोन्हीकडे मोतीबिंदू चांगलाच पिकला आहे, आधी एक करू, मग दुसरा. यांनी एकच प्रश्न विचारला. "गाड़ी से उतार दोगे क्या?" डॉक्टरला काही कळलं नाही. तो म्हणाला, "कौन सी गाड़ी, अंकल?" यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदा या सगळ्या प्रकारात जरासे हसले.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि आम्ही घरी आलो. हे काळा चष्मा लावून आतल्या खोलीत पडून राहिले, बैठकीत डोकावलेच नाहीत. मीही आग्रह केला नाही. रोज ठरल्या वेळी थेंब घालत होते. मग एक दिवस सकाळी, कौमुदी उठायची होती आणि नत्थूही यायचा होता, मी बैठकीत झाडू मारत होते, तेव्हा हे चष्मा काढून दारात येऊन उभे राहिले.

"इंदू," हे म्हणाले. "पुकार."

मी झाडू भिंतीला टेकवला आणि हात पुढे केला. "पहिला पट्टा. राखेचा."

यांनी डावा डोळा तळहातानं झाकला. "पहिला, राखेचा."

"दुसरा पट्टा. पुठ्ठ्यासारखा."

"दुसरा, पुठ्ठ्यासारखा." मग हे जवळ आले, पुठ्ठा खिळ्यावरून काढून पट्ट्यावर धरला. "अगदी तोच नाही. पुठ्ठ्यात थोडं जांभळं जास्त आहे. पण जवळ आहे. चालते."

"तिसरा पट्टा. भडक निळा."

हे तिसऱ्याकडे बघत राहिले. "बापा," म्हणाले. "किती भडक आहे हा. हा मी लावायला सांगून राहिलो होतो?"

मग यांनी हात बदलला. ऑपरेशन झालेला उजवा डोळा झाकला आणि डाव्यानं भिंतीकडे पाहिलं. मी पुकारायची थांबले. हे चारही पट्ट्यांवरून हळूहळू नजर फिरवत होते. परत उजवा, परत डावा. असं त्यांनी कितीदा केलं कोण जाणे.

"या डोळ्यानं चारही एकच आहेत," हे म्हणाले. "नुसती माती. आणि दोन्ही डोळे असेच होते ना माझे. असेच घेऊन मी गाडी चालवून राहिलो होतो. तुले मागं बसवून."

मी यांच्या हातातला पुठ्ठा घेऊन परत खिळ्याला लटकवला.

"म्हणून तू बोलत राहायची. ठेला, गाय, पोट्टी."

"हो."

"आणि मी तुले चूप बस म्हणे."

"मी कुठं बसली चूप," मी म्हटलं आणि झाडू उचलला.